तपासला एक कागद, शिक्का दुसऱ्यावर: केव्हीएममधली फट

आज बोलायचंय लिनक्स कर्नलमधल्या एका बगबद्दल. ‘कर्नल’ ऐकून लगेच पुढच्या भागावर उडी मारू नका. तुमच्या फोनमधली बरीच ॲप्स खरं तर फोनमध्ये चालतच नाहीत. फोनवर दिसतो तो नुसता चेहरा. फोटो, चॅट, हिशेब हे सगळं लांब कुठल्यातरी सर्व्हरवर असतं. आणि तो सर्व्हर म्हणजे बहुतेक वेळा अख्खं मशीन नाही, तर एका मोठ्या मशीनचा भाड्याने घेतलेला तुकडा. शेजारच्या तुकड्यात कोण बसलंय, हे ॲपवाल्यालाही माहीत नसतं.

या तुकड्याला म्हणतात व्हर्च्युअल मशीन. लिनक्सवर ही वाटणी सांभाळतं केव्हीएम. २००७ साली, २.६.२० या आवृत्तीपासून ते कर्नलचाच भाग आहे. गूगल क्लाउड त्याच्यावरच उभं आहे.

एक सोसायटी डोळ्यांसमोर आणा. बिल्डिंग म्हणजे खरं मशीन, फ्लॅट म्हणजे व्हर्च्युअल मशीन आणि केव्हीएम म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. तुमच्या फ्लॅटमध्ये तुम्ही काहीही करा, पण शेजाऱ्याच्या दाराला किंवा मीटर रूमला हात लावायचा नाही. सगळा धंदा या एका नियमावर चालतो.

आता यात पोटभाडेकरू येतो. म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत आणखी एक व्हर्च्युअल मशीन. हे काही फक्त हौशी लोकांचं वेड नाही हं. क्लाउडवर मशीन भाड्याने घेऊन त्यात अँड्रॉइड एम्युलेटर चालवणारे डेव्हलपर हेच करतात. एएमडीच्या प्रोसेसरवर केव्हीएममध्ये ही सोय मुळातच चालू असते.

पोटभाडेकरू ठेवायचा तर करारपत्र लागतं. एएमडीच्या भाषेत त्याचं नाव व्हीएमसीबी. कोणती गोष्ट घडली की मूळ भाडेकरूला कळवायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. एक कलम सक्तीचं: पोटभाडेकरूने स्वतःच आणखी कुणाला ठेवायचा प्रयत्न केला, तर ती खबर मूळ भाडेकरूकडे गेलीच पाहिजे. कागदावर हे कलम म्हणजे फक्त एक बिट, ० किंवा १.

केव्हीएम हे कलम तपासत होतं. पण कसं? कागद भाडेकरूच्याच टेबलावर पडलेला असताना! सेक्रेटरी आले, वाचलं, मान डोलावली. मग नोंदवहीत उतरवून घ्यायला त्याच कागदाकडे दुसऱ्यांदा पाहिलं. या दोन नजरांच्या मधे भाडेकरूने कलम खोडलं तर? व्हर्च्युअल मशीनला एकापेक्षा जास्त कोअर असतात. एक कोअर करार पुढे करतो, दुसरा तो बिट सारखा बदलत राहतो. हजारदा फसलं तरी बिघडत नाही, एकदा जमलं की पुरे.

कलम गायब झालं की पोटभाडेकरूची ती मागणी मूळ भाडेकरूकडे न जाता थेट सेक्रेटरींकडे येते आणि त्यांच्या नोंदींचा घोळ होतो. कुणाची कोणती यादी, तेच उलटसुलट. यातली एक यादी फार महत्त्वाची: प्रोसेसरच्या खास रजिस्टरांपैकी, म्हणजे एमएसआरपैकी, कोणत्याला हात लावायची परवानगी आहे ती. आमच्या सोसायटीत ती मीटर रूमची यादी समजा. घोळामुळे ती यादी रद्दीत जाते, तिची जागा मोकळी होते, पण प्रोसेसर अजून त्याच जागी बघून परवानगी देत असतो. त्या जागी नंतर जे काही येऊन पडेल, तीच नवी परवानगी. झालं! पाहुणा थेट यजमानाच्या मीटर रूममध्ये.

गूगलच्या प्रोजेक्ट झीरो टीममधल्या फेलिक्स विल्हेल्म यांनी हे शोधलं आणि जून २०२१ मध्ये सविस्तर लिहिलं. नुसता बग दाखवून ते थांबले नाहीत. या फटीतून बाहेर पडून अख्ख्या यजमान मशीनचा ताबा कसा घेता येतो, तेही त्यांनी करून दाखवलं. अशा सुटकेच्या बहुतेक कथा क्यूएमू नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅममधल्या चुकांवर असतात. २०१५ चा गाजलेला ‘व्हेनम’ तर त्यातल्या फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये होता, फ्लॉपी कुणी वापरत नसतानाही! इथे मात्र चूक खुद्द कर्नलमध्ये होती.

मला स्वतःला यातला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो पुढचा भाग. हा बग घातक झाला तो ५.१० आवृत्तीत, आणि तेसुद्धा एका चांगल्या सुधारणेमुळे. पोटभाडेकरूंसाठीची मेमरी आधीपासून अडवून ठेवण्यापेक्षा गरज पडेल तेव्हा घ्यावी आणि काम झालं की सोडावी, असं ठरलं. बचत म्हणून उत्तमच. पण ‘सोडून द्यायची’ सोय आली, म्हणूनच यादी रद्दीत जाऊ शकली. दोन वेळा बघायची सवय आणि ही काटकसर, दोन्ही एकत्र आल्यावर दार उघडलं. कोड रिव्ह्यू करणाऱ्यासमोर मात्र फक्त नवा बदल असतो.

दुरुस्ती मार्च २०२१ च्या शेवटी आली, केव्हीएमचे मेंटेनर पाओलो बोन्झिनी यांच्याकडून. कल्पना अगदी साधी: आधी कागदाची प्रत स्वतःच्या नोंदवहीत घ्या, मग ती प्रत तपासा. म्हणजे टेबलावरच्या कागदाचं काहीही होवो. ५.११.१२ पासून पुढे ही फट नाही. नोंदणी क्रमांक हवा असेल तर सीव्हीई-२०२१-२९६५७.

घबराट मात्र नको. बग घातक होऊन जेमतेम पाच महिने झाले होते आणि मोठे सर्व्हर एवढ्या नव्या कर्नलवर सहसा जात नाहीत. त्यामुळे खऱ्या जगातली बहुतेक मशीन्स वाचली. तुमच्याकडे रायझनवर लिनक्सचं घरगुती सेटअप असेल, तर कर्नलची आवृत्ती एकदा बघून घ्या. आणि आत आणखी मशीन चालवत नसाल तर ती पोटभाडेकरूची सोय बंदच करून टाका, केव्हीएमच्या एएमडी मॉड्यूलला ‘नेस्टेड’ शून्य दिलं की झालं.

अशी सुटका आज कुणाला सापडली तर तिची किंमत किती? २०२४ मध्ये गूगलने केव्हीएमसाठी खास बक्षीस योजना सुरू केली. पाहुण्या मशीनमधून पूर्ण बाहेर पडून दाखवणाऱ्याला २,५०,००० डॉलर!

राहता राहिला तुमचा फोन. अँड्रॉइड १३ पासून काही फोनमध्ये केव्हीएमचंच पीकेव्हीएम नावाचं भावंड आलंय, संवेदनशील कामं अँड्रॉइडपासूनसुद्धा वेगळी ठेवायला. पण आजचा बग होता एएमडीसाठीच्या फाइलमध्ये, आणि तुमच्या फोनमधली चिप आर्म जातीची. तिला या कागदाची झळ लागत नाही.