लाइट गेल्यावर तळ्यातल्या माशांचे काय?

श्रावणातली झडीची रात्र होती. तीन दिवस सूर्याचे तोंड दिसले नव्हते. रात्री दोनच्या सुमारास लाइट गेली आणि आमच्या शेजारच्या मळ्यातले दादा उठून शेततळ्यावर गेले. तळ्यात रोहू आणि कटला, एकेक नग पाऊण किलोच्या घरात आलेला. बॅटरीच्या उजेडात पाहतात तो पाण्यावर सगळीकडे तोंडेच तोंडे. मासे वर येऊन हवा ओढत होते.

तसे दादांना घाबरायचे कारण नव्हते. घरी जनरेटर होता, तोही त्याच वर्षी घेतलेला, तीन केव्हीएचा. त्यांनी तो चालू केला आणि दोन्ही एरेटरची बटणे एकदम दाबली. जनरेटर घुर्रर्र करून बसला. पुन्हा चालू केला, पुन्हा बसला. एक-एक हॉर्सपॉवरच्या दोनच मोटारी, म्हणजे हिशेबाने दीड हजार वॉट. तीन केव्हीएच्या जनरेटरला हे ओझे जड का व्हावे?

शेतकरी बंधूंनो, इथेच बहुतेकांची गल्लत होते. मोटार फिरताना जेवढी वीज खाते, त्याच्या पाच-सहा पट वीज ती उठताना मागते. चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढायला बैलांना जो जोर लावावा लागतो, तो गाडी रस्त्याला लागल्यावर लागत नाही, तसेच हे. एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटार चालताना सात अँपिअरच्या आसपास घेते. उठताना क्षणभर पस्तीस-चाळीसवर जाते. तीन केव्हीएचा जनरेटर 230 व्होल्टला देतो जेमतेम तेरा अँपिअर. त्यावर दोन मोटारी एकदम उठवल्या, तर तो बसणारच.

म्हणून जनरेटर घेताना चालण्याचा हिशेब धरू नका, उठण्याचा धरा. अशा दोन एरेटरना पाच केव्हीएचा जनरेटर थोडा वाकून का होईना, पण उचलतो. मात्र आधी एक चालू करून, तो पूर्ण वेगाला आल्यावरच दुसरा. साडेसातचा असला तर चिंताच नको. त्या वेळी घरातला फ्रिज, गिरणी, पाण्याची मोटार बंद ठेवावी. पेट्रोलच्या लहान जनरेटरच्या पाटीवर पुष्कळदा दोन आकडे असतात. मोठा आकडा थोडा वेळ पेलण्याचा आणि लहान आकडा सतत चालण्याचा. दुकानदार मोठा सांगतो, आपण लहान वाचावा.

थ्री फेजचा एरेटर असेल तर जनरेटरही थ्री फेजचाच लागतो. तो जोडल्यावर चाके कोणत्या बाजूला फिरतात तेही बघा. फेजांचा क्रम उलटा लागला तर चाके उलटी फिरतात. कोणत्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल केल्या की काम होते, पण ते वायरमनने दिवसाउजेडी करून ठेवावे.

आणखी एक साधी खूण. जनरेटरवर एक पिवळा बल्ब लावून ठेवा. मोटार उठताना तो क्षणभर मंद होऊन पुन्हा उजळला तर ठीक. मंदच राहिला आणि मोटार नुसती गुंगू लागली, तर लगेच बंद करा. तशीच ठेवली तर मोटार जळते.

आता एवढी धावपळ कशासाठी, तेही सांगितले पाहिजे. दिवसा उन्हात पाण्यातले शेवाळ प्राणवायू सोडते. रात्री तेच शेवाळ माशांबरोबर प्राणवायू खाते. त्यामुळे पहाटेच्या वेळी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो, आणि दोन-तीन दिवस आभाळ असले तर साठाच झालेला नसतो. माशांना लिटरला पाच मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू हवा. तीनच्या खाली आला की ते तडफडू लागतात. हल्ली सौर योजनांमुळे बऱ्याच ठिकाणी शेतीला दिवसा वीज मिळू लागली आहे. उसाला, गव्हाला ती सोन्यासारखी. पण माशांची वेळ रात्रीची, तिथे सूर्य उपयोगाचा नाही. ज्यांनी ताडपत्रीच्या गोल टाक्यांत दाट मासे धरले आहेत, त्यांना तर पहाटेपर्यंतही सवड मिळत नाही. तिथे हवेचा ब्लोअर थांबला की घड्याळ लावूनच पळायचे.

डिझेलचे म्हणाल तर असे दोन एरेटर चार तास चालवायला साधारण चार लिटर लागते. तळ्यातल्या मालापुढे तो खर्च काहीच नाही.

पण माशांच्या जिवापेक्षा मोठा जीव माणसाचा. जनरेटरची वायर घरातल्या प्लगात खोचून सगळ्या घराला वीज देण्याची युक्ती गावोगाव चालते. ती ताबडतोब सोडा. ती वीज तुमच्या मीटरमधून उलटी तारेवर जाते, डीपीपर्यंत पोचते, आणि डीपी तिचे अकरा हजार व्होल्टपर्यंत करू शकतो. खांबावर चढलेला लाइनमन लाइन बंद आहे असे समजून हात लावतो. तो आपल्याच गावचा, कोणाचा तरी मुलगा असतो. चेंजओव्हर स्विच बसवला की एका वेळी एकच बाजू जोडली जाते, लाइन किंवा जनरेटर. त्याला फार पैसे पडत नाहीत.

तसेच पाऊस लागतो म्हणून जनरेटर पडवीत, गोठ्यात किंवा खोलीत ओढून आणू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. बाहेर चार बाजूंनी मोकळी, वर पत्रा असलेली जागा करावी. एरेटरच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवून घ्यावा, अर्थिंग करून घ्यावे. आणि अंधारात एकट्याने तळ्याच्या कागदावर उतरू नये. ओला कागद शेवाळासारखा घसरतो. काठावर दोर बांधलेला हवाच.

दादांच्या तळ्याचे पुढे काय झाले ते राहिलेच. जनरेटर तिसऱ्यांदा बसला तेव्हा वहिनी म्हणाल्या, “अहो, ते जुनं डिझेल इंजिन काय लोणच्याला ठेवलंय?” विहिरीवर वीज येण्याआधीचे ते पंप-इंजिन गोठ्यामागे पडले होते. दोघांनी आणि मुलाने ते बैलगाडीत घालून तळ्यावर नेले, फुटबॉल तळ्यात सोडला आणि पाइपाचे तोंड वर बांधून तळ्याचेच पाणी फवाऱ्यासारखे तळ्यात पाडले. पडणाऱ्या पाण्याबरोबर हवा मिसळते, एरेटरही दुसरे काही करत नाही. उजाडेपर्यंत ते चालले. काठाने काही मासे पालथे पडलेले सापडले, पण बहुतेक वाचले.

पुढे त्यांनी तीन केव्हीएचा जनरेटर विकून साडेसातचा जुना, पण चांगल्या स्थितीतला घेतला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो वीस मिनिटे एरेटर जोडूनच चालवतात. नुसता रिकामा चालवून काही कळत नाही. लाइट गेली की घरात घंटा वाजेल अशी सोय गावातल्या वायरमनने करून दिली आहे. इंजिन मात्र आता तळ्याच्या काठावरच असते, ताडपत्रीखाली, टाकी भरलेली.