चित्रे एकदा बोरिवलीलाही येऊ द्या!

परीक्षकांनी चित्र निवडले, चौकटीखाली पारितोषिकाची चिठ्ठी लागली आणि मान्यवरांच्या हस्ते धनादेश दिला गेला, म्हणजे कलेचा यथोचित गौरव झाला, अशी आपल्याकडे एक सोयीस्कर समजूत आहे. तो गौरव कलावंताचा झाला हे खरे. परंतु कलाकृतीला पाहणारा माणूस लागतो. आणि तो माणूस आज कोठे राहतो, याचा विचार महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनाच्या व्यवस्थापकांनी एकदा मनापासून करावा, एवढ्यासाठीच आजचा हा प्रपंच.

राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या प्रवेशिकांतून परीक्षक रंगचित्रे, शिल्पे, मुद्राचित्रे आणि उपयोजित कलेचे नमुने निवडतात. मुंबईत हे प्रदर्शन भरते ते बहुधा काळा घोडा येथील जहांगीर कलादालनात, तेही जेमतेम आठवडाभर. १९५२ साली सुरू झालेल्या या वास्तूबद्दल कोणाही मुंबईकराला आदरच वाटेल. पण शहर त्या काळचे राहिलेले नाही. २०११ च्या शिरगणतीनुसार मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख माणसे होती, तर उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांहून अधिक! म्हणजे चारांपैकी तीन मुंबईकर उपनगरवासी झाले, आणि चित्रे मात्र चौथ्याच्याच दारी टांगलेली राहिली.

बोरिवलीहून चर्चगेट सुमारे चौतीस किलोमीटर. कलादालन सकाळी अकराला उघडते आणि संध्याकाळी सातला बंद होते. कचेरी सुटल्यावर धावतपळत गाडी गाठणाऱ्या मुलुंडच्या कारकुनाने किंवा घाटकोपरच्या शिक्षिकेने हे प्रदर्शन नेमके केव्हा पाहावे? रविवारी मुलांना घेऊन जावे म्हटले, तर तो आठवड्यातला एकच रविवार आणि त्या दिवशीचा रेल्वेचा मेगाब्लॉक यांची गाठ ठरलेलीच.

उपनगरांतील माणसाला चित्रांची गोडी नाही, असे कोणी म्हणेल. नाटकाच्या बाबतीतही एकेकाळी असेच म्हटले जाई. पुढे विलेपार्ल्याला दीनानाथ, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे आणि मुलुंडला कालिदास अशी नाट्यगृहे उभी राहिली आणि शनिवार-रविवारच्या प्रयोगांना उपनगरांतील प्रेक्षकाने जो आश्रय दिला, तो मराठी रंगभूमीला चांगलाच ठाऊक आहे. गोडी आधी आणि दालन मागाहून, हा क्रम धरून बसलो तर दोन्हीही येणार नाहीत. बॉम्बे आर्ट सोसायटीने आपली वास्तू वांद्रे रेक्लमेशनवर उभारली, हे स्वागतार्ह पाऊल आहे. पण वांद्रे ही उपनगरांची वेस झाली. गाव त्याच्यापुढे आहे.

आणि त्या गावात नुसते प्रेक्षकच नव्हे, तर चित्रकारही राहत आले आहेत. तैयब मेहता यांनी उत्तरायुष्य अंधेरीच्या लोखंडवाला वसाहतीत काढले. २००९ साली ते निवर्तले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्या ‘ट्रस्ड बुल’ या चित्राला लिलावात ६१ कोटी ८० लाख रुपये मिळाले. हा आकडा अंधेरीकरांनी वर्तमानपत्रात वाचला. त्या तोलाचे एखादे चित्र डोळ्यांसमोर पाहण्याची सोय मात्र त्यांच्या मोहल्ल्यात नाही. किंमत कळावी आणि चित्र दिसू नये, ही स्थिती सुसंस्कृत नगराला शोभत नाही.

चित्रे लोकांपुढे नेण्यात आणखीही एक लाभ आहे. परीक्षक हे शेवटी माणसेच. १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीने अमृता शेर-गिल यांच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक देऊन आपली पारख सिद्ध केली. त्याच सोसायटीने दहा वर्षांनी कृ. हा. आरा यांचे स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचे भव्य चित्र नाकारले आणि त्या संतापातून प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या उभारणीला चालना मिळाली, असे सांगतात. परीक्षकांशी वाद घालणारा रसिकवर्ग हवा असेल, तर वादाचा विषय त्याच्या दृष्टीस पडला पाहिजे.

परदेशांत ही सोय केव्हाच झाली आहे. सिडनीचे आर्चिबाल्ड पारितोषिक १९२१ पासून दिले जाते. अंतिम फेरीतील व्यक्तिचित्रे पुढे लहान गावांच्या कलादालनांतून फिरतात. १९८८ पासून तेथे प्रेक्षकांच्या पसंतीचेही निराळे पारितोषिक आहे. इंग्लंडच्या टर्नर पारितोषिकाचे प्रदर्शन २००७ साली प्रथम लंडनबाहेर, लिव्हरपूलला गेले. २०२५ साली ते ब्रॅडफर्डसारख्या गिरणगावात भरले.

धूळ, दमट हवा, वाहतूक, विमा या अडचणी आम्ही जाणतो. म्हणूनच आमची मागणी माफक आहे. पावसाळा टाळून, निवडक चाळीस-पन्नास कलाकृती अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड येथे प्रत्येकी दहा दिवस ठेवाव्यात. एखाद्या महाविद्यालयाचे किंवा महापालिकेच्या शाळेचे सभागृह त्यासाठी पुरेल. दारे मात्र रात्री नऊपर्यंत उघडी असावीत. दाराशी एक पेटी ठेवून प्रेक्षकांची पसंतीही विचारावी.

खर्च येईल, नाही असे नाही. परंतु पारितोषिके ज्या तिजोरीतून दिली जातात, तिच्यात बोरिवलीचाही कर जमा होतो. त्या पैशाने गौरवलेले चित्र बोरिवलीकराने एकदा तरी, धावपळ न करता, डोळे भरून पाहू नये काय?