बुजगावण्याचा खड्डा

बुजगावणं चालायला लागलं, की पहिला प्रश्न येतो तो पायाचा. त्याला पाय एकच. तोही बाभळीचा, पहारीनं खड्डा करून जमिनीत रोवलेला.

"एकच पाय हाय की त्येला, आत्या. चालतंय कसं मग?"

वहीत मी नुसतं 'निघालं' एवढंच लिहिलं होतं. ऐकणाऱ्यांना ते पुरेना. एक म्हणाला, लंगडी घालत जाईल. दुसऱ्याचं म्हणणं, एका पायानं तोल जाणार, तेव्हा कुंपणाची काठी उपसून घेईल आणि ती टेकत जाईल. तिसरा हरभऱ्याचे घाटे सोलून खात होता. तो म्हणाला, लंगडी घातली तर रानभर भोकं पडतील, सकाळी सगळ्यांना कळेल. मग थोरल्यानं विचारलं, "आन् जितं हुबं होतं तितं? तितला खड्डा?"

तिथं माझी गोष्ट उलटी झाली. तोवर ती एका बुजगावण्याची होती. त्या प्रश्नानंतर सकाळी रानात येऊन रिकामा खड्डा बघणाऱ्या मुलाची झाली. बुजगावणं चालतं हे सांगायची गरजच उरली नाही. खड्डा दिसला, थोड्या थोड्या अंतरावर एकाच पायाची भोकं दिसली, की बाकीचं ऐकणारा स्वतःच जुळवतो.

हे सगळं मुडबीला, भावाच्या घरी, सोप्यात बसून. मुडबी बीदर जिल्ह्यात, बसवकल्याण तालुक्यात. गावाच्या पुढं कलबुर्गी जिल्ह्याची हद्द. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा जुना बीदर जिल्हा वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूरकडे गेले. सोयरिकी मात्र वाटल्या गेल्या नाहीत. मी लग्न होऊन सोलापूरला गेले, मुलांसाठी लिहायला लागले, आणि कच्चं लिखाण घेऊन माहेरी यायची सवय लागली. भावाची मुलं, शेजारची, त्यांच्या मागनं आलेली, सगळ्यांची मी आत्या. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी हिंदी, असं त्यांचं दिवसभर चालू असतं. त्यात अवघड काही आहे हे त्यांना कुणी अजून सांगितलेलं नाही.

छापलेलं पुस्तक मी त्यांच्यापुढं धरत नाही. छापलं की मुलं सभ्य होतात, प्रश्न विचारत नाहीत. रेघी वही नेते. उजव्या अंगाला पानाचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवलेला, हातात पेन्सिल. वाचताना अधूनमधून मान वर करायची आणि कोण काय करतंय ते बघायचं. "मग?" असं कुणी म्हणालं तर समासात काही लिहायचं नाही, पुढं जायचं. "कसं?" किंवा "का बरं?" आलं की एक आडवी रेघ, तिथं गाठ आहे. आणि कुणी काहीच न बोलता वहीची किती पानं उरलीत ते वाकून बघितलं, तर त्या परिच्छेदावर सरळ काट. घरी जाऊन तो कितीही गोड वाटला तरी परत घ्यायचा नाही. गोड वाटणारे परिच्छेद बहुधा मोठ्यांसाठी लिहिलेले असतात, मुलांच्या नावावर.

मुलांच्या कल्पनेला बंधन नसतं, असं आपल्याकडं भाषणात हमखास म्हणतात. मला ते पटत नाही. मुलांइतका कडक हिशेबनीस मी पाहिला नाही. बुजगावणं चालतं हे त्यांनी एका क्षणात मान्य केलं, त्यावर वाद नाही. पण एकदा चाललं म्हटल्यावर पाय किती, खड्डा कुठं, भोकं किती खोल, हे सगळं जुळलंच पाहिजे. एक अशक्य गोष्ट ती फुकट देतात. दुसरी मागितली की भांडतात.

कोर्नेय चुकोव्स्की या रशियन बालकवीनं मुलांचं बोलणं वर्षानुवर्षं टिपून 'दोन ते पाच' नावाचं पुस्तक केलं. त्याच्या मुलीला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. ती एकदा बापाकडं आली, कुत्रा म्याव करतो म्हणाली आणि हसून बापाच्या तोंडाकडं बघत राहिली. कुत्रा भुंकतो हे तिला पक्कं ठाऊक झालं होतं, म्हणून तर ते उलटं करण्यात मजा होती. जे नीट कळलेलं नाही ते उलटं करून हसता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष. आपल्याकडं विंदा करंदीकरांनी 'एटू लोकांचा देश' वसवला तो याच खात्रीवर. तिथं सगळं उफराटं, पण उफराटेपणाला शिस्त आहे. भा. रा. भागवतांनी बनेश फेणेला अचाट धाडसं करायला लावली, पण गाव दिलं फुरसुंगी. पुण्याजवळचं, नकाशात सापडणारं. गाव खरं निघालं की धाडसाबद्दल शंका घ्यायचं मुलांच्या मनात येत नाही.

माझ्या बुजगावण्याला बाहेर काढायला मी येळवस निवडली होती. मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर, धाराशिव, बीदर, कलबुर्गी या सगळ्या पट्ट्यात त्या दिवशी गाव ओस पडतं आणि रान भरतं. रानात कडब्याची कोप करतात, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात. बायका डोक्यावर आंबिलाची बिंदगी घेऊन येतात. भज्जी, उंडे, खीर, धपाटे. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत; तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि रानात मिळेल ती भाजी बेसन लावून शिजवतात ती. पुण्यामुंबईच्या वाचकासाठी तिथं तळटीप द्या, असं एका संपादकांनी सुचवलं होतं. मी दिली नाही. बुजगावण्याला नाक नाही, वास मात्र येतो, असं केलं. आदल्या रात्रीपासून भज्जीत काय काय पडतंय ते ते वासावरून ओळखत उभं राहतं. जे तळटीप करणार होती ते भुकेनं केलं.

ही जागा वाचताना मात्र दोन आडव्या रेघा पडल्या.

पहिली हंगामाची. येळवशीला ज्वारीची कणसं अजून भरलेली नसतात, मग पाखरं कशाला येतील, आणि पाखरं नाहीत तर बुजगावणं कशासाठी उभं केलंय? हे विचारणाऱ्या मुलाचं वय आठ. त्यावर पोरांनीच तोड काढली: हरभऱ्यावर काळविटं येतात, त्यांच्यासाठी. बीदर भागात काळविटांचे कळप आहेत आणि हरभरा कोवळा असताना ते रात्रीत वाफेच्या वाफे साफ करतात, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. बुजगावण्याला राखायला काळवीट मिळालं, आणि गोष्टीत एक पात्र वाढलं. आता जेवायला जायचं तर राखण कोण करणार? बुजगावणं काळविटालाच विचारतं: मी येईपर्यंत जरा बघशील का?

या वाक्याला सोप्यात जे हसू उसळलं ते माझ्या अकलेचं नव्हतं. पोरांनी काळवीट आणून दिलं नसतं तर मला ते सुचायचं काही कारण नव्हतं.

दुसरी रेघ आगीची. येळवशीच्या संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून रानाभोवती फिरवतात. माझं बुजगावणं नेमकं त्या वेळी, माणसं घराकडं वळताना, कोपीकडं निघत होतं. "आग लागंल की त्येला!" बुजगावण्याच्या पोटात कडबाच. डोकं गाडग्याचं, ते वाचेल, सदरा जळेल. भावाचा धाकटा यावर खरोखर कळवळला. मी त्याला सांगू शकले असते की गोष्टीतलं आहे, जळणार नाही. पण ते म्हणणं म्हणजे आपणच उभी केलेली वस्तू आपण मोडणं. त्यापेक्षा बुजगावण्याला घाबरू दिलं. पेंढी घेऊन येणारी माणसं दिसली की ते जिथं असेल तिथं थांबतं, हात पसरतं, डोळे वटारतं, आणि पुन्हा नुसतं बुजगावणं होतं. माणसं म्हणतात, अरे, हे इथं कधी रोवलं? आणि पुढं जातात. सगळ्या गोष्टीतली ही मला सर्वांत आवडणारी जागा आहे, आणि ती भीतीतून आलेली आहे.

ऐकणं एक, वाचणं वेगळं. शेजारची सहावीतली मुलगी वही ओढून घेऊन स्वतः वाचायला बसली. ती कन्नड शाळेत. देवनागरीशी तिची गाठ यंदाच पडलेली, तीही तिसरी भाषा म्हणून आलेल्या हिंदीमुळं. म्हणजे जन्मापासून बोलते ती मराठी, आणि त्या मराठीची अक्षरं तिला हिंदीच्या पुस्तकातून भेटतात. बाकी सगळं ती अडखळत का होईना वाचत गेली, 'येळवस'वर थांबली. ळ हे अक्षर हिंदीच्या पुस्तकात नसतं. मी उच्चार केला तशी ती हसली. ळ कन्नडमध्ये पहिलीपासून आहे. माझी पेन्सिल घेऊन तिनं माझ्या ळवर बारीक कन्नड ळ काढला आणि पुढं सुटली. मग 'काळवीट', 'कवळा', 'डोळे', जिथं जिथं आलं तिथं तिथं. ते पान मी अजून खोडलेलं नाही.

तिच्या वाचण्यानं मला माझी वाक्यं कळली. लांब वाक्याच्या मध्यावर तिचा दम संपत होता आणि कर्ता हरवत होता. तोंडी सांगणाराला हे आपोआप सांभाळता येतं. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये 'श्यामची आई' लिहायला घेतली तेव्हा प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावं दिली. श्याम सांगतो आहे आणि मित्र ऐकताहेत, अशी ती बांधणी. जे पुस्तक एवढ्या घराघरांत मोठ्यानं वाचलं गेलं त्याचं एक कारण मला हे वाटतं की ते मुळातच घशातून आलेलं आहे. आमच्या शेजारचं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाच्या 'मानसोल्लासा'त, ११२९च्या सुमाराला, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी म्हणतात अशी नोंद आहे. मुसळ वर जाऊन खाली येईपर्यंत जेवढा श्वास, तेवढीच ओळ. मुसळ माझ्या हाती नाही, पण आता वाक्य लिहून झालं की सहावीतल्या त्या मुलीच्या दमानं ते एकदा म्हणून बघते. पुरलं तर ठेवते.

'किशोर'चे जुने अंक मी येताना पिशवीत घालून आणते. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि महाराष्ट्रात वाढलेल्या माझ्या वयाच्यांना ते शाळेतच भेटलं. इथं मुलं चित्रं आधी बघतात, मग कोडी, मग गोष्टी, आणि गोष्टीच्या शेवटी उपदेश दिसला की पान उलटतात. माझ्या बुजगावण्याच्या गोष्टीला तात्पर्य काय, असं पोरांपैकी कुणी विचारलं नाही. भावानं विचारलं.

शेवटाबद्दल मात्र दोन तट पडले. लहान म्हणत होती की उजाडायच्या आत त्यानं आपल्या खड्ड्यात परत उभं राहावं, नाहीतर काळविटाला फुकट राबवल्यासारखं होईल. मोठ्यांचं म्हणणं, महिन्याभरात हरभरा निघेलच, मग तसंही त्याला उपसून बांधावर फेकणार, तर गेलं तर जाऊ दे. मोठ्यांचा युक्तिवाद बरोबर होता, तरी मी लहानांची बाजू घेतली. पण पूर्ण नाही. बुजगावणं परत येतं, घाईत शेजारच्या वाफ्यात रोवलं जातं. सकाळी मुलाला खड्डा एकीकडं आणि बुजगावणं दुसरीकडं दिसतं, सदऱ्यावर आंबिलाचा डाग. मुलगा घरी कुणाला सांगत नाही.

चित्रं काढणाऱ्या बाईंना मजकूर पाठवला तेव्हा त्यांचा फोन आला. गोष्ट आवडली-नावडली काही नाही. खड्डा किती खोल ते विचारलं. आतलं अंधारं दाखवायचं की तळ दिसू द्यायचा, त्यावर अख्खं पान अवलंबून होतं. मी मुडबीला फोन लावला. भावाचा धाकटा फोन चालू ठेवूनच रानात पळाला, खऱ्या बुजगावण्याला हलवून उपसलं, हात आत घालून बघितला.

"कोपरापत्तुर जातोय," तो म्हणाला. "तळाला ओल हाय. आन् आत्या, ह्ये आता परत हुबं ऱ्हाईना. बापूला काय सांगू?"