कराराचं मैदान, उसनी धावपट्टी

2024 साली 31 ऑगस्ट आणि 1 सप्टेंबरला चेन्नईत आयलंड ग्राउंड्सभोवतालच्या रोजच्या रहदारीच्या रस्त्यांवर, साडेतीन किलोमीटरच्या फेऱ्यांत, रात्रीच्या झगझगीत उजेडात फॉर्म्युला गाड्या धावल्या. शर्यतीला राज्य सरकारचं भक्कम पाठबळ होतं. जेमतेम आठवडा उलटला आणि त्याच सरकारच्या महसूल खात्याने त्याच शहरातल्या गिंडीच्या रेसकोर्सला सील ठोकलं.

हा योगायोग मला फार बोलका वाटतो. मद्रासच्या शर्यतींचा इतिहास वाचायचा तर घोड्यांच्या वंशावळी किंवा इंजिनांची ताकद बाजूला ठेवून आधी सातबारा पाहावा लागतो.

गिंडीला घोडे धावू लागले 1777 च्या सुमारास, कंपनी सरकारच्या काळात. मद्रास रेस क्लब 1896 चा. 1945 साली सुमारे 160 एकर जमीन 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने क्लबकडे आली. भाडं वर्षाला सहाशे-सव्वासहाशे रुपये. तेव्हा गिंडी शहराबाहेर होती, म्हणून ही रक्कम कुणाच्या डोळ्यांत खुपली नाही. पुढे शहर गिंडीला वळसा घालून पार पलीकडे पसरलं आणि भाडं मात्र तिथेच राहिलं.

सरकारने आधी शर्यतींवरच घाव घातला. 1974 च्या कायद्याने घोड्यांवरच्या पैजा जुगारात मोडू लागल्या, 1986 च्या कायद्याने क्लबच ताब्यात घ्यायचं ठरलं. या कायद्यांविरुद्धचा के. आर. लक्ष्मणन यांचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1996 साली निकाल आला : घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ, त्याला जुगार म्हणता येणार नाही. ताबा घेण्याचा कायदाही रद्द झाला. त्या निकालाचा आधार आजही देशभरच्या रेसकोर्सना आहे. पण जमिनीचा प्रश्न त्याने सुटला नाही. 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने भाड्याची थकबाकी 730 कोटींवर धरली आणि पुढच्या वर्षी सरकारने भाडेपट्टाच रद्द केला.

मोटारींची गोष्ट वेगळी. त्यांच्या नावावर कागदच नव्हता. दुसऱ्या महायुद्धातली शोलावरमची विमानांची धावपट्टी रिकामी पडली होती आणि 1953 साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबला ती मिळाली. तिथल्या शर्यतींना हजारोंनी गर्दी लोटायची. विजय मल्ल्यांनी तिथे एन्साइन बनावटीची फॉर्म्युला वन गाडी पळवली. मला मात्र जास्त मोठा वाटतो तो कोइमतूरचा एस. करिवर्धन. मारुतीचं इंजिन बसवलेल्या एका आसनाच्या गाड्या त्याने घडवल्या आणि संस्थानिक-उद्योगपतींच्या या छंदात साध्या घरच्या पोरांसाठी दार किलकिलं केलं. 1995 मध्ये विमान अपघातात तो गेला. कोइमतूरजवळच्या ट्रॅकला आज त्याचं नाव आहे.

उसन्या जागेचा भरवसा किती, हे मोटर क्लबने वेळेवर ओळखलं. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईला स्वतःची जमीन घेऊन तिथे सुमारे पावणेचार किलोमीटरचा ट्रॅक बांधला. 1990 मध्ये तो सुरू झाला तेव्हा ह्युंदाईचा कारखाना तिथे यायला काही वर्षं अवकाश होता. आज त्या भागाला भारताचं डेट्रॉइट म्हणतात. गाड्या धावायला आधी आल्या, बनायला नंतर.

गिंडीच्या रेसकोर्सवर तळी आणि उद्यान करायचं सरकारने ठरवलं. शेजारच्या वेलाचेरीत दर पावसाळ्यात घरांत शिरणारं पाणी पाहिलं की त्या बेतात तथ्य आहे, हे मान्यच करावं लागतं. शेकडो घोडे आणि पिढ्यान्‌पिढ्या पागेतच वाढलेले मोतद्दार यांचं काय, याला मात्र सर्वांत आधी उत्तर हवं होतं. सील ठोकल्यावर ते शोधायला घेणं मला क्रूर वाटतं.

त्याच 2024 मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सचाही फैसला झाला. 1914 चा 99 वर्षांचा भाडेपट्टा 2013 लाच संपला होता. सुमारे 120 एकर उद्यानासाठी, 91 एकर तिथल्या रेस क्लबकडे, असा तोडगा निघाला. शहराला मोकळी जागा मिळते आणि घोडेही धावत राहतात. मुंबईकरांनी आता त्या 120 एकरांवर बारीक नजर ठेवायला हवी.