सणांचीं पक्वान्नें

दिवाळीची करंजी व नाताळची नेवरी एका ताटांत शेजारीं शेजारीं ठेविल्या, तर कोणती कोणत्या घरची हें सांगणें पुष्कळांस कठीण जाईल. दोहींचा आकार अर्धचंद्राचा, आंत गोड सारण, आणि कड कातण्यानें कापलेली. गोव्यांत तर चवथीस हिंदु घरीं व नाताळांत ख्रिस्ती घरीं तळतात ती नेवरीच. असें असतां मधल्या सुटींत 'आमचें पक्वान्न' व 'तुमचें पक्वान्न' असा वाद आम्हीं अनेकदां ऐकला आहे. म्हणून या पदार्थांच्या कुळाचा थोडा शोध घेऊं.

प्रथम साखर. संस्कृत 'शर्करा' हा शब्द इराणांत 'शकर', अरबस्तानांत 'सुक्कर', व पुढें इंग्रजींत 'शुगर' झाला. पुरणपोळीही आपल्याकडे जुनीच. १२ व्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत तशा पक्वान्नाचें वर्णन आहे. उलट बर्फीचें नांव फारशी 'बर्फ', म्हणजे हिम, यावरून पडलें. जिलबीचें अरबी 'झलाबिया' या शब्दावरून. इतकेंच नव्हे, तर संक्रांतीस तिळगुळाबरोबर आपण जो कांटेरी हलवा वांटतों, त्याचेंही नांव अरबीच!

आतां नाताळचें ताट पाहूं. पोर्तुगीजांनीं इ. स. १५१० मध्यें गोवें घेतलें. त्यांच्या काळांत ब्राझीलमधून काजू आला. पेरूही मूळचा अमेरिकेचाच. आज त्या पेरूची वडी 'पेराद' या नांवानें नाताळांत होते. बेबिंक करतांना मैदा, साखर, तूप, अंड्यांचा बलक व नारळाचा रस यांचे थरावर थर भाजतात. त्यांतील बलकाची रीत पोर्तुगीज, पण नारळ आपल्या किनाऱ्याचा. गूळ, तांदळाचें पीठ व नारळाचा रस आटवून केलेला दोदोल तर इंडोनेशिया व मलेशिया येथेंही त्याच नांवानें ओळखतात.

तात्पर्य, शुद्ध 'आमचें' असें ताट कोणाच्याच घरीं नाहीं. हल्लीं पुष्कळ घरीं हे पदार्थ विकत आणतात, आणि ते करण्याची रीत आजीबरोबरच नाहींशी होते. यास्तव विद्यार्थ्यांनीं या सुटींत आजीजवळ बसून निदान एका पक्वान्नाची कृति वहींत उतरून घ्यावी, व पालकांनीं तीस हातभार लावावा. मग फराळाचें ताट शेजारीं न्यावें. शेजाऱ्याचें ताट रिकामें परत करूं नये, ही रीत दोन्हीं घरीं सारखीच आहे.