तोंडी ठरलेलं काम

रामनवमीच्या यात्रेला वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीत तेलंगणा-कर्नाटकापासून बंजारा भाविक येतात. मानोरा तालुक्यातल्या एखाद्या लॉजवाल्याला त्यांच्यासाठी तेलुगू-कन्नडमध्येही बुकिंग घेणारी वेबसाइट हवी असेल, तर पुण्याहून शिकून परतलेल्या गावातल्याच मुलाला ते काम सहज जमतं.

अडतं ते कोडपाशी नाही. लॉजवाला ओळखीचा, म्हणून ‘आपलंच काम आहे, बघू नंतर’ इतक्यावर सौदा ठरतो. मग चार पानांच्या साइटमध्ये फोटो गॅलरी घुसते, ऑनलाइन पेमेंट घुसतं, आणि पैशांचा विषय निघत नाही. तेव्हा लॅपटॉप उघडण्याआधी एक कागद लिहायचा: काय करून देणार, कधी, किती वेळा बदल, ॲडव्हान्स किती. निम्मे पैसे आधी मागायला लाज वाटते. वाटू दे, मागायचे.

कायदा नवख्याला वाटतो त्याहून जास्त त्याच्या बाजूने आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. नोकरीत लिहिलेला कोड सहसा मालकाचा. फ्रीलान्सरचा कोड मात्र लेखी हक्क देईपर्यंत त्याचाच. ‘पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क तुमचे’ ही ओळ म्हणूनच कागदावर हवी.

छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी मोफत होते. ती असली की ग्राहकाने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे चुकते करायचे; उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. गावच्या लॉजवाल्यावर हे अस्त्र कोणी काढणार नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक दिसला की मुंबईच्या कंपनीचा अकाउंट्स विभाग जरा लवकर हलतो. सेवांची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर जीएसटी नोंदणीही साधारणपणे लागत नाही.

प्रत्येक ग्राहकासाठी नव्याने काम करणं हीच एक वाट नाही. बीड जिल्ह्यातले दादासाहेब भगत पुण्यात इन्फोसिसमध्ये ऑफिसबॉयचं काम करता करता ग्राफिक्स शिकले. पुढे त्यांनी डिझाइनची टेम्पलेट्स विकायला घेतली. एकदा बनवलेला माल अनेकांना विकता येतो. लॉकडाउनमध्ये गावी परतल्यावर नेटवर्कसाठी त्यांनी टेकडीवरच्या गोठ्यात ऑफिस थाटलं.

मानोऱ्यातून परदेशी ग्राहक धरायचा तर घड्याळही बघावं लागतं. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे नऊ म्हणजे इथे संध्याकाळचे साडेसहा. पहिली मीटिंग ठरवण्याआधी इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम घेऊन ठेवलेलं बरं.