वितरित साठवण क्लस्टरवरील अनेक फाइल प्रणाली : विभाजन आणि त्याच्या मर्यादा

प्रस्तावना :
परीक्षांच्या नोंदी, संशोधनातील निरीक्षणे, ग्रंथालयाची डिजिटल संपदा यांचे आकारमान वाढत गेले की एकच सर्व्हर अपुरा पडतो. अशा वेळी अनेक संगणकांवरील डिस्क एकत्र जोडून एकच मोठे भांडार उभारले जाते. यालाच वितरित साठवण क्लस्टर असे म्हणतात. एकाच क्लस्टरवर अनेक फाइल प्रणाली चालविल्यास नेमके काय वेगळे होते व काय सामाईक राहते, हे ‘सेफ’ या मुक्त स्रोत प्रणालीच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सेफची रचना :
कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ संकुलात सेज वाइल यांनी केलेल्या संशोधनातून सेफ उदयास आली. त्यांचा व सहकाऱ्यांचा तिच्यावरील शोधनिबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणता डेटा कोणत्या डिस्कवर आहे हे येथे मध्यवर्ती यादीत शोधावे लागत नाही. ‘क्रश’ या गणनपद्धतीने ते ठरते. प्रत्येक डेटाच्या सामान्यतः तीन प्रती वेगवेगळ्या संगणकांवर ठेवल्या जातात. फाइलमधील मजकूर एका ‘पूल’मध्ये, म्हणजे साठ्याच्या तार्किक विभागात, तर फाइलचे नाव, फोल्डर व परवानग्या हा मेटाडेटा दुसऱ्या पूलमध्ये असतो. मेटाडेटाचा कारभार मेटाडेटा सर्व्हर पाहतो.

विभाजनाचे लाभ :
प्रत्येक फाइल प्रणालीस स्वतःचे पूल व किमान एक सक्रिय मेटाडेटा सर्व्हर लागतो. दीर्घकाळ प्रायोगिक असलेली ही सोय २०२१ मधील ‘पॅसिफिक’ या आवृत्तीत स्थिर म्हणून मान्य झाली. एका प्रणालीचा मेटाडेटा बिघडल्यास तेवढीच प्रणाली दुरुस्तीसाठी बंद ठेवता येते. दुसरीचे काम चालू राहते. तसेच वापरकर्त्याचा प्रवेश एकाच प्रणालीपुरता मर्यादित करता येतो.

विभाजनाच्या मर्यादा :
१) पूल वेगळे असले तरी त्यांखालील डिस्क बहुधा त्याच असतात. एका प्रणालीने जागा व्यापून डिस्क ९५ टक्के या मूळ मर्यादेपर्यंत भरली, तर तिच्यावर अवलंबून असलेल्या इतर प्रणालींतील लेखनही थांबते. म्हणून प्रत्येक पूलला कमाल मर्यादा घालून देणे इष्ट ठरते.
२) दोन प्रणालींनी एकच डेटा पूल वापरणे धोक्याचे आहे. प्रत्येक प्रणाली आपल्या स्नॅपशॉटना (विशिष्ट क्षणीच्या स्थितीच्या नोंदींना) स्वतंत्रपणे क्रमांक देते. क्रमांक सारखे आल्यास एकीचा स्नॅपशॉट पुसताना दुसरीचा डेटाही नाहीसा होऊ शकतो. पूलमध्ये निरनिराळे नामावकाश योजूनही हा धोका टळत नाही.
३) एका प्रणालीतील डेटाची प्रत त्याच क्लस्टरवरील दुसऱ्या प्रणालीत ठेवणे म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. आग लागली किंवा संपूर्ण क्लस्टर कोलमडला, तर दोन्ही एकाच वेळी जातात.

पर्याय :
केवळ विभागवार जागा वाटून द्यायची असेल, तर एकाच फाइल प्रणालीत स्वतंत्र फोल्डर, त्यांवर जागेची मर्यादा आणि त्या फोल्डरपुरता प्रवेश एवढी व्यवस्था पुरेशी असते. यात प्रत्येक विभागासाठी वेगळ्या मेटाडेटा सर्व्हरचा व त्याच्या स्मृतीचा खर्च वाचतो.

निष्कर्ष :
अनेक फाइल प्रणालींमुळे नावे, परवानग्या व मेटाडेटातील बिघाड वेगळे राहतात. डिस्क, जागा व क्लस्टरवरील आपत्ती मात्र सामाईकच राहतात. त्यामुळे नेमके काय वेगळे करावयाचे आहे, हे आधी ठरविणे आवश्यक आहे. परीक्षेच्या नोंदींसारखा पुन्हा निर्माण न करता येणारा डेटा कितीही प्रणालींत विभागला, तरी त्याची एक प्रत क्लस्टरबाहेर असणे अपरिहार्य होय.